परसांतील ससे आणि वैशाखाची दुपार

समितीकडे गेल्या कांहीं उन्हाळ्यांत देणगीदारांकडून ज्या सूचना आल्या त्यांपैकीं एक सूचना पुन्हां पुन्हां येत असते, आणि ती करणारे गृहस्थ हिशेबांत मुरलेले असल्यामुळें तिचा नीट विचार होणें अवश्य आहे. सूचना अशी कीं, अवर्षणाच्या गांवीं नुसतें धान्य वांटण्यापेक्षां प्रत्येक गरीब घरीं सशांचें एकेक बिऱ्हाडच बसवून द्यावें. ससा थोडें खातो, थोड्या जागेंत राहतो, गवतपाल्याचें मांस करतो, आणि मादी महिन्याभरांत विते. तेव्हां मुद्दल एकदां घातलें कीं पुढें व्याजावर कुटुंबाचें पोट चालेल, असा ह्या सूचनेमागील हिशेब आहे. कागदावर तो बरोबर उतरतो. त्यांत एकच रक्कम मांडावयाची राहिली आहे, ती म्हणजे वैशाखांतील दुपार.

मी धंद्यानें वकील आहें, पशुवैद्य नव्हें. ह्या विषयांत मला शिरावें लागलें तें एका अशिलाच्या प्रकरणामुळें. चार वर्षांपूर्वीं माणदेशाकडील एक विधवा बाई एक करारनामा घेऊन माझ्याकडे आल्या. सात माद्या व तीन नर असा दहा सशांचा संच त्यांनीं पतसंस्थेचें कर्ज काढून एका व्यापारी मंडळीकडून पिंजऱ्यांसह विकत घेतला होता. होणारीं पिलें आम्हीच चढ्या भावानें परत घेऊं, असें मंडळीच्या माणसानें तोंडीं सांगितलें होतें. संच घरीं पोंचला तो चैत्राच्या अखेरीस. पिंजरे पत्र्याच्या पडवींत मांडले गेले. वैशाखांत एके दिवशीं बाई रोजगार हमीच्या कामावर गेल्या असतां दुपारीं एक ते चार ह्या वेळांत सहा ससे मेले. उरल्या तीन माद्या व एक नर. पाऊस पडल्यावर माद्या नराकडे नेल्या, पण एकही गाभण राहिली नाहीं. मंडळीकडे तक्रार नेली तेव्हां तुमची निगाच वाईट असें उत्तर मिळालें, आणि तिसऱ्या खेपेस तर कचेरीस कुलूप आढळलें. करारनामा पाहतां त्यांत मंडळी पिलें 'खरेदी करूं शकेल' असे शब्द होते, 'खरेदी करील' असे नव्हते. मृत्यूची सर्व जोखीम घेणाऱ्याच्या माथीं होती. आणि वाद उद्भवल्यास न्यायाचें स्थळ एका दूरच्या शहरांत नेमलेलें होतें. कायद्याच्या बाजूनें जें करतां आलें तें केलें, आणि तें फार नव्हतें. परंतु बाईंनीं निघतांना विचारलें, "साहेब, माझं चुकलं कुठं?" ह्याचें उत्तर माझ्या कपाटांतील पुस्तकांत नव्हतें, म्हणून दुसरीं पुस्तकें धुंडाळावीं लागलीं.

पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील बिळांत राहणारा प्राणी आहे. दिवसा बिळाच्या गारव्यांत बसावें आणि सांजसकाळ बाहेर पडून चरावें ही त्याची रीत. आपल्या माळावर उड्या मारतांना दिसणारा ससा निराळा. तो बीळ करीत नाहीं, आणि त्याचीं पिलें जन्मतांच केसाळ व उघड्या डोळ्यांचीं असतात. पाळीव सशाचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात. आई आपल्या अंगाची लोकर उपटून त्यांस बिछाना करते, आणि त्यांचे डोळे सुमारें दहा दिवसांनीं उघडतात. माळावरील ससा धरणें किंवा मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. हें येथेंच सांगून ठेवतों, कारण "जंगलांतले धरून आणल्यास खर्च वांचेल" अशीही सूचना एका पत्रांत होती.

आतां उष्णतेविषयीं. सशास घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य मार्ग दोनच, लांब कान आणि श्वास. आणि अंगावर तर लोकर दाट. सुमारें पंधरा ते वीस-बावीस अंश सेल्सिअस ही हवा त्यास मानवते. तीस अंशांपुढें त्याचें खाणें कमी होतें. पस्तिसांपुढें शरीराचें तपमान त्याच्या ताब्यांत राहीनासें होतें. चाळिशीच्या आसपास, हवा कोंडलेली असल्यास, कांहीं तासांत प्राण जातो. तो ओरडत नाहीं, दावें तोडीत नाहीं. लांब पसरून पडतो, नाकपुड्या भराभर हलतात, नाकातोंडाशीं ओल येते, आणि संपतो. गाय-शेळी हंबरून-ओरडून घर जागें करते. सशाचें मरण शेजाऱ्यासही कळत नाहीं. उन्हाळ्यांत दुपारीं पत्र्याखालची हवा बाहेरच्या झाडाखालच्या हवेहून किती तापते हें ज्यांचीं गोदामें पत्र्याचीं आहेत त्यांस सांगावयास नको. बाईंच्या सहा सशांचा उलगडा एवढ्यांत होतो.

उरलेल्या माद्यांचा उलगडा होण्यास मला अधिक वेळ लागला. उष्मा तीस अंशांवर कांहीं दिवस टिकला कीं नराचें वीर्य दुर्बळ होतें, आणि हवा गार झाली म्हणून तें दुसऱ्या दिवशीं सुधारत नाहीं. चांगलें वीर्य पुन्हां तयार होण्यास दीड-दोन महिने जावे लागतात. म्हणजे मृगाचा पाऊस पडून माणसास हायसें वाटलें तरी नर श्रावणापर्यंत कुचकामीच. बाहेरून तो धडधाकट दिसतो, मादीवर चढतोही. मालकास वाटतें मादी वांझ, किंवा नर खोटा. तो एकास विकतो, दुसऱ्यास कापतो, आणि जो संच आणखी सहा आठवड्यांनीं फळला असता तो मोडतो. बाईंचें चुकलें कोठेंच नव्हतें. संच देणाऱ्यानें तो ज्या महिन्यांत दिला तेथें चूक होती.

आणि येथेंच देणगीदारांचा संबंध येतो. दुष्काळासाठीं पैसा जमतो केव्हां? वर्तमानपत्रांत कोरड्या विहिरींचीं व टँकरपुढील घागरींचीं चित्रें येतात तेव्हां, म्हणजे फाल्गुन ते ज्येष्ठ. लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें तें २०१६ च्या एप्रिलांत. त्या दिवसांत जितकी रक्कम एका आठवड्यांत गोळा होते तितकी आश्विनांत दोन महिने दारोदार हिंडून होत नाहीं. दात्याचा स्वभावही असा कीं, दिलेल्या पैशाचें काय झालें तें त्याच महिन्यांत दृष्टीस पडावें. परंतु दानाचा हा हंगाम तोच सशाच्या मरणाचा हंगाम आहे. वैशाखांत दिलेले दहा ससे हें दान नव्हे. घेणाऱ्याच्या घरीं दहा मृत्यु नेऊन ठेवण्यासारखें तें आहे, आणि त्यांच्या पाण्याचा भार वर.

पाण्याचा हिशेब लहान दिसतो, पण तो करावा. पिलें असलेल्या मादीस उन्हाळ्यांत दिवसास दोन लिटर, व पिलें वाढल्यावर त्याहूनही अधिक पाणी लागतें. म्हशीस साठ-सत्तर लिटर लागतें त्यापुढें हें कांहींच नाहीं, हें खरें. तथापि जेथें बाई डोक्यावर पाणी आणते तेथें दोन माद्यांसाठीं रोज अर्धी कळशी हा हिशेब तिच्या मानेस कळतो, आपल्या वहीस कळत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत पिलें नसावींत, एक नर व दोन माद्या एवढेंच बिऱ्हाड उरावें, असा क्रम बसविला पाहिजे.

तो क्रम असा बसतो. मादी सुमारें एकतीस दिवसांनीं विते. श्रावणाच्या मध्यावर, म्हणजे ऑगस्टच्या मध्यास, मादी नराकडे न्यावी. मादी नराच्या पिंजऱ्यांत न्यावी, नर मादीच्या पिंजऱ्यांत कधीं सोडूं नये, कारण आपल्या घरांत आलेल्यास ती फाडून काढते. सप्टेंबरच्या मध्यास पहिलें वेत. पांच-सहा आठवड्यांनीं पिलांचें दूध तोडावें, ऑक्टोबरच्या अखेरीस मादी पुन्हां न्यावी, नोव्हेंबरच्या अखेरीस दुसरें वेत. आणि जानेवारीच्या आरंभीं नेल्यास फेब्रुवारीच्या आरंभीं तिसरें. त्याचीं पिलें मार्चच्या मध्यास आईपासून सुटतात. हीं शेवटचीं पिलें पुरतीं वाढण्याची वाट पाहूं नये. एप्रिल तापूं लागण्यापूर्वींच तीं खाऊन अगर विकून मोकळें व्हावें. "दर महिन्यास विते" हें शरीरशास्त्राच्या दृष्टीनें खोटें नाहीं, पण आमच्या हवेंत तीन वेतें हाच प्रामाणिक हिशेब. चौथ्याचा लोभ करणारा बहुधा मादीच गमावतो.

घराविषयीं मीं जें वाचलें व पाहिलें त्याचें सार एवढेंच कीं, पत्रा टाळावा. कडुलिंबासारख्या दाट झाडाखालीं, पाचटाचें किंवा गवताचें जाड छप्पर, त्याची लांबी पूर्वपश्चिम, म्हणजे तिरपें ऊन आंत येत नाहीं. बाजू मोकळ्या, आणि दुपारपुरते ओलें गोणपाट सोडण्याची सोय. पिंजऱ्याचा तळ तारेच्या जाळीचा, कमरेइतका उंच, म्हणजे लेंड्या खालीं पडतात. ओल्या घाणीवर बसलेल्या पिलांस हगवणीचा जो रोग होतो त्यानें वेतेंच्या वेतें जातात. पिंजऱ्याचे पाय पाण्यानें भरलेल्या डब्यांत ठेवावे. हें मुंग्यांसाठीं, उघड्या पिलांस लाल मुंग्या एका रात्रींत कुरतडून टाकतात. उत्तर आफ्रिकेंत ट्युनिशियासारख्या प्रदेशांत पिंजऱ्यास जोडून जमिनीखालीं एक लहान कोठी बांधण्याची युक्ति करून पाहिली गेली आहे. वरचें ऊन कितीही कडक असलें तरी हात-दीड हात खालीं माती गार राहते, आणि ससा आपण होऊन तेथें जाऊन बसतो. आपल्याकडे ज्यांनीं जमिनींत पेवें खणून ज्वारी राखली त्यांस ही युक्ति परकी वाटूं नये. मात्र पावसाळ्यांत त्या कोठींत पाणी शिरणार नाहीं अशी उंच जागा हवी. कोठी नसेल तेथें पिंजऱ्यांत ओलें गार मडकें ठेवावें, त्यास ससा अंग लावून बसतो. धाप लागलेल्या सशाचे कान साध्या पाण्यानें भिजवावे; त्यास बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये.

खाद्याची अडचण त्या मानानें कमी. लसूणघास, दशरथ घास, शेवग्याचा पाला, रताळ्याचे वेल, भुईमुगाचा पाला, वर मूठभर गव्हाचा कोंडा किंवा भरडा. सुबाभूळ सर्वत्र उगवते म्हणून तीच खाऊं घालण्याचा मोह होतो. तिच्यांत एक विषारी द्रव्य असल्यामुळें ती थोडीच द्यावी. कोणताही पाला दंवानें ओला असतांना घालूं नये, सुकवून घालावा. भुईमुगाच्या पेंडीविषयीं मात्र व्यापारी बंधूंस विशेष विनंती आहे. गोदामांत बुरशी आलेली पेंड "जनावरांस चालेल" म्हणून धर्मादाय देऊं नये. त्या बुरशीचें विष ज्या प्राण्यांस सर्वांत लवकर बाधतें त्यांत ससा आहे.

आतां मुख्य हिशेब, ज्यावांचून ही सूचना मंजूर किंवा नामंजूर करणें योग्य नव्हे. दोन माद्या, तीन वेतें, आणि प्रत्येक वेतांत सहा-सात जन्मून पांच जगतात असें धरूं. वर्षास तीस ससे. तीन-साडेतीन महिन्यांचा ससा आपल्या हवेंत दोन किलोच्या आसपास भरतो व त्याचें निम्में मांस पडतें. म्हणजे हाडांसकट तीस किलो. हाडें वगळून चोवीस धरलें व त्याचा पांचवा हिस्सा प्रथिनें धरलीं, तर वर्षाकाठीं पावणेपांच-पांच किलो प्रथिनें होतात. पांच माणसांच्या कुटुंबांत तीं सारखीं वांटलीं तर माणशीं रोज तीन ग्रॅमही पडत नाहींत. प्रौढ माणसास रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास लागतात. ह्याला कोणी पोट चालणें म्हणूं नये.

परंतु हेंच मांस घरांतील दोन लहान मुलांच्याच ताटांत पडलें तर प्रत्येकास रोजचे साडेसहा ग्रॅम होतात, आणि दोन वर्षांच्या मुलाची गरज बारा-तेरा ग्रॅमची आहे. म्हणजे निम्मी गरज भागते. सशाचें महत्त्व असलेंच तर एवढेंच, आणि हें कमी नव्हे. घाना देशांत १९७० च्या दशकांत सरकारनें सशांची मोहीम काढली तेव्हां 'ससे वाढवा, मुलें वाढवा' असें तिचें घोषवाक्य होतें. घोषवाक्यें मला सहसा आवडत नाहींत. ह्यांत मात्र कुटुंब वाढवा असें न म्हणतां मुलें वाढवा असें म्हटलें आहे, हें हिशेबास धरून आहे.

शिवाय सशाचें मांस फार कोरडें असतें, त्यांत चरबी जवळजवळ नसते. उत्तर कॅनडांतील लोकांवर ज्या हंगामांत केवळ सशांवर राहण्याची पाळी येई तेव्हां पोटभर खाऊनही ते खंगत, हगवणीनें बेजार होत. विल्यालमुर स्टेफान्सन या संशोधकानें ह्याचें वर्णन केलें आहे. भाकरी आणि तेल यांच्या जोडीसच ससा उपयोगी. त्यांच्या जागीं नव्हे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील माणसें जगलीं तीं खडी फोडण्याच्या मजुरीवर, परदेशाहून आलेल्या मिलोवर आणि सुकडीवर. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखविलें कीं, माणूस मरतो तो बहुधा देशांत धान्य नाहीं म्हणून नव्हे, तर तें विकत घेण्याचें बळ त्याच्या हातीं उरत नाहीं म्हणून. तेव्हां धान्य व मजुरी यांवरील रक्कम कमी करून ती सशांकडे वळवावी ह्यास माझा स्पष्ट विरोध आहे. ससा हा दोन दुष्काळांमधील वर्षांचा सोबती आहे.

कांहीं जमीनदार गृहस्थांस भीति वाटते कीं, सुटलेले ससे पिकें फस्त करतील. ऑस्ट्रेलियांत १८५९ सालीं टॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेसाठीं दोन डझन ससे सोडले व त्यांनीं तो खंड व्यापला, हें खरें. आपल्या गांवांत मात्र सुटलेला पांढरा ससा कुत्र्यामांजरांच्या हातून उजाडेपर्यंत वांचला तरी पुष्कळ.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे, आणि ती नाजूकही आहे. आमच्या देणगीदारांपैकीं पुष्कळ कुलपरंपरेनें शाकाहारी आहेत, व आपल्या पैशानें जीव मारले जावेत हें त्यांच्या धर्मबुद्धीस रुचणार नाहीं. त्यांस युक्तिवादानें जिंकण्याचा माझा विचार नाहीं. वकिलानें कोठें थांबावें हें त्यास कळलें पाहिजे. घेणाऱ्यांतही ज्यांस ससा वर्ज्य आहे अशीं कुटुंबें असतात, त्यांच्या दारीं पिंजरा लोटणें हा उपकार नव्हे. शाकाहारी दात्यानें लसूणघासाचें बीं, पाण्याचे माठ, शेवग्याचीं रोपें ह्यांस आपली रक्कम नेमून द्यावी. शेवगा सशास लागतो तसा माणसासही लागतो. आणि ज्या घरीं ससा नको तेथें तीच रक्कम नुसत्या शेवग्यावर खर्ची पडेल.

जनावरें कोठून आणावींत ह्याविषयीं एक शब्द. राजस्थानांत टोंक जिल्ह्यांत अविकानगर येथें १९६२ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सशांवरही काम करते, आणि तिचें एक केंद्र कोडाईकनालच्या डोंगरांत मन्नवनूर येथें आहे. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला ह्या जाती तेथें पाळल्या जातात. डोंगराच्या गारव्यांत वाढलेली जनावरें एकदम सोलापूरच्या हवेंत आणूं नयेत. आपल्याच तालुक्यांत ज्याच्याकडे दोन उन्हाळे काढलेल्या माद्या आहेत त्याच्याकडून घेणें बरें, मग त्या दिसावयास लहान असल्या तरी चालेल.

परतफेडीचा प्रश्न उरतो. डॅन वेस्ट नांवाचे एक अमेरिकन गृहस्थ स्पेनच्या यादवी युद्धांत भुकेल्या मुलांस दूध वांटीत होते. पेलाभर दूध देण्यापेक्षां गाय द्यावी असें त्यांस तेथें वाटलें, आणि त्यांतून १९४४ मध्यें निघालेल्या कार्यांत असा नियम ठेवण्यांत आला कीं, गाय घेणाऱ्यानें तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू घरास द्यावी. आमच्या समितीनें हाच नियम घ्यावा असें मीं सुचविलें आहे. पैशाची परतफेड नको, पिलें परत विकत घेण्याचें वचन तर मुळींच नको. दुसऱ्या वेतांतील दोन माद्या शेजारच्या घरीं गेल्या कीं खातें बंद. उन्हाळ्यानें मेलेल्या जनावराची जोखीम समितीची. हा मजकूर मीं एका पृष्ठांत, गांवच्या बोलींत लिहून दिला आहे, आणि तो सही घेण्यापूर्वीं मोठ्यानें वाचून दाखवावा अशी त्यांत अट आहे.

तेव्हां ज्या गृहस्थांस ह्या कामीं साह्य करावयाचें आहे त्यांनीं आतां, उन्हाळ्यांतच, रक्कम पाठवावी. परंतु ती छप्पर, जाळी, माठ व बीं ह्या खात्यावर पडेल, आणि ज्येष्ठाअखेर घरें उभीं राहतील. जनावरें दसऱ्यानंतर, आणि ज्या घरचें छप्पर समितीच्या माणसानें दुपारीं दोन वाजतां आंत बसून पाहिलें असेल त्याच घरीं, दिलीं जातील. माणदेशांतील त्या बाईंचें नांव यादींत पहिलें आहे. पत्रा काढून त्यांनीं पाचट घातलें आहे. त्यांच्याकडील एक मादी अजून आहे, ती आतां म्हातारी झाली आहे, तिला त्या विकीत नाहींत.